महाबुद्धी आणि टिटवीचा नंबर

एका जंगलात सगळं काही होतं. झाडं होती, नदी होती, नदीकाठी एक टेकडी होती आणि राजाही होता. अक्कल तेवढी कमी पडते आहे, असं त्या राजाचं मत होतं. प्रजेची, स्वतःची नव्हे.

राजा अर्थात सिंह होता. मुलांनो, बोधकथेत राजा सिंहच असतो, त्याला निवडणूक लागत नाही. तर हा सिंह एकदा शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथे त्याला एक यंत्र दाखवण्यात आलं. मोठं, काळं, सतत घुमणारं. याला काहीही विचारा, हे उत्तर देतं, असं शेजारचा राजा म्हणाला. आपल्या सिंहाने विचारलं, आम्हा दोघांत आयाळ कुणाची दाट? यंत्र म्हणालं, दोन्ही आयाळी आपापल्या जागी उत्तम आहेत. एवढं समतोल उत्तर सिंहाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याच्या दरबारात सगळे त्याचीच आयाळ दाट म्हणत आणि त्याला ते खरं वाटत नसे.

घरी आल्या आल्या त्याने दवंडी पिटवली. आपल्याही जंगलात असं यंत्र बसणार. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे पसाभर द्यायचं. मुंगीने दाणा दिला, खारीने बी दिली, हत्तींनी लाकडं दिली. सिंहाने भाषण दिलं. भाषणात तो म्हणाला की मोठ्यांना अक्कल बाहेरून मागवता येते, हे यंत्र लहानांसाठी आहे. ज्याचा धंदा नवा आहे, ज्याचा धंदा छोटा आहे आणि ज्याच्याकडे धंदाच नाही, नुसता प्रश्न आहे, अशा तिघांना ते फुकट वापरायला मिळेल. टाळ्या वाजल्या. शेपट्यासुद्धा वाजल्या.

यंत्र तापायचं, म्हणून ते वाऱ्याच्या जागी, टेकडीच्या माथ्यावर बसवलं. त्याचं नाव ठेवलं महाबुद्धी. जंगलातली झाडून सगळी माहिती त्याला खाऊ घातली. म्हाताऱ्या प्राण्यांच्या आठवणी, पायवाटा, माग, पक्ष्यांची बोली, कावळ्यांच्या चहाड्या, सगळं. रोजची ताजी माहिती आणून देण्यासाठी कावळ्यांनाच नोकरीवर घेतलं. ते काम ते आधीही करत होते, फक्त आता त्याला वेळ ठरली.

आता आपण टिटवीकडे येऊ.

टिटवी झाडावर बसत नाही, घरटंही बांधत नाही. नदीकाठच्या वाळूत नाहीतर खड्यांत जरासं उकरते आणि तिथे चार अंडी घालते. अंडी करडी, ठिपक्यांची. खड्यांत खडा दिसतात. जवळून गेलं तरी कळत नाहीत. प्रश्न एवढाच असतो की पाण्यापासून किती लांब घालायची. लांब घातली तर अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या पिलांना पाण्यापर्यंत केवढी वाट चालावी लागते. जवळ घातली तर नदी फुगते आणि अंडी जातात.

आमची टिटवी दरवर्षी काठाने हिंडायची. पायाने वाळू दाबून बघायची, मान वाकडी करायची, चार पावलं मागे यायची आणि एक जागा ठरवायची. कशी ठरवायची ते तिलाही सांगता आलं नसतं. पण नदी तिच्या अंड्यांच्या खालीच थांबायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या वर्षी मात्र नदी थांबली नाही. भर दुपारी पाणी चढलं आणि टिटवीच्या डोळ्यांसमोर चारही अंडी गेली. तिने पंख पसरले, नदीच्या अंगावर धावून गेली, घसा बसेपर्यंत ओरडली. टिटवीदेखील समुद्र आटवते अशी म्हण आहे. म्हणी करणाऱ्यांचं काही वाहून गेलेलं नसतं. त्या दिवसापासून टिटवीचा स्वतःच्या पायांवरचा विश्वास उडाला. वाळूवर पाय ठेवला की तिला भीती वाटायची.

यंदा अंड्यांचे दिवस जवळ आले तेव्हा तिचा नवरा म्हणाला, जा वाळूत, बघ जागा, दरवर्षी बघतेस तशी. टिटवी त्याला म्हणाली, "चार गेली माझी. आता अंदाजाने नाही घालायची. विचारून घालीन." आणि ती टेकडी चढायला लागली.

टेकडीवर यंत्राला एक खिडकी होती आणि खिडकीत खवल्या मांजर बसलं होतं. हा प्राणी फार सज्जन. अडचणीचा प्रश्न आला की अंगाचा गोळा करून घेतो आणि प्रश्न जाईपर्यंत उलगडत नाही. कार्यालयाला असाच कारकून हवा होता. त्याने टिटवीला विचारलं, धंदा नवा की छोटा? टिटवी म्हणाली, धंदा नाही, मला नुसतं विचारायचं आहे की यंदा नदी कुठवर येईल. मग तुम्ही संशोधक, असं म्हणून त्याने तिला अर्ज दिला.

अर्जात एक रकाना होता, 'अपेक्षित उत्तर'. यंत्राचा वेळ वाया जाऊ नये म्हणून ज्याला उत्तर साधारण माहीत आहे त्यालाच तो द्यायचा, असा नियम होता. टिटवी म्हणाली की उत्तर माहीत असतं तर मी एवढी टेकडी कशाला चढले असते. खवल्या मांजराने अंगाचा गोळा केला.

इथे कोल्हा आला. गोष्टीत कोल्हा लागतोच, नाहीतर ती मंजूर होत नाही. हा कोल्हा अर्ज भरून देण्याचं काम करायचा. त्याने रकाना वाचला आणि त्यात लिहिलं, 'समाधानकारक'. पुढचा रकाना पत्त्याचा होता. कोल्ह्याने पेन्सिल जिभेला लावली आणि अगदी सहज विचारलं, "अंडी नेमकी कुठे घालणार, ताई? तेवढं लिहावं लागतं."

"तेच तर विचारायला आलेय, भाऊ," टिटवी म्हणाली.

कोल्ह्याने नाइलाजाने तिथे 'फिरती' असं लिहिलं आणि अर्ज आत गेला.

आता या जंगलातली रांगेची रीत सांगतो. रांगेत थोडा वेळ उभं राहायचं, मग आपल्या जागी एक दगड ठेवायचा आणि आपल्या कामाला जायचं. दगड म्हणजे तुम्ही. तो तिथे आहे तोवर तुमचा नंबर आहे. खिडकी उघडली की पुढच्या दगडाच्या मालकाला हाक मारतात. दगड हलवायचा नाही. या जंगलात सख्ख्या भावांची शिंगं एकमेकांत अडकत, नवरा-बायको झाडं वेगळी करत, शब्द तर रोजच फिरवले जात. पण रांगेतल्या दुसऱ्याच्या दगडाला आजवर कुणी पाय लावला नव्हता. त्या जंगलाची तेवढीच एक नीतिमत्ता होती.

टिटवीला काही दगड उचलवेना. म्हणून ती स्वतःच उभी राहिली. तिच्या पुढे सुगरणीतला एक नर होता. सुगरणीत घर नर बांधतो, पण पुरं बांधत नाही. अर्धं बांधून लटकवतो आणि मादीला म्हणतो, बघ, कल्पना कशी वाटते? तिला आवडलं तरच पुढचं काम. या गड्याची अकरा अर्धी घरटी लटकत होती आणि एकातही कुणी राहत नव्हतं. तो स्वतःला नवउद्योजक म्हणवत होता. टिटवीच्या मागे शेणकिडा होता, लघुउद्योजक. त्याने दगडाऐवजी आपला गोळाच रांगेत ठेवला होता. माल घरी नेण्याचा जवळचा रस्ता त्याला हवा होता. तो रांगेत थांबला तेवढ्या दिवसांत तो गोळा घरी जाऊन परत आला असता.

कारण रांग सरकत नव्हती. अर्ज पाचशे आले होते आणि ते तपासायला कुणी नव्हतं. म्हणून ते महाबुद्धीलाच तपासायला दिले होते. महाबुद्धी कुणाला मिळावी हे ठरवण्यात महाबुद्धीचा अर्धा दिवस जायचा. उरलेल्या अर्ध्या दिवसात ती राजाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा प्रत्येक प्राण्याच्या आवाजात तयार करत होती. डासाचा आवाज जमत नव्हता, तिथे काम अडलं होतं.

मुलांनो, अंडं हे अर्जासारखं नसतं. त्याला मुदतवाढ मिळत नाही. टिटवीला चौथ्या दिवशीच कळलं की आता वेळ आली. नवरा म्हणाला, चल खाली. टिटवीने पुढे पाहिलं, आता फक्त सुगरण. आत्ता गेले तर नंबर जाईल, असं तिला वाटलं. एवढ्यासाठी थांबलो, आता शेवटी कशाला सोडायचं? हे तुम्हालाही कधीतरी वाटेल, बसथांब्यावर नाहीतर लग्नात.

आणि टिटवीने रांगेतच अंडी घातली. एक, दोन, तीन, चार. खिडकीसमोरच्या खडीत, सुगरणीच्या दगडाच्या आणि शेणकिड्याच्या गोळ्याच्या मधोमध. जागेसाठी एवढा आटापिटा केला आणि शेवटी जागा न बघताच अंडी घातली, म्हणून तिला फार लाज वाटली. ती अंड्यांवर बसून राहिली. कुणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं, बाई आपल्या दगडांवर बसली आहे. कोल्हा दिवसातून चारदा शेजारून जायचा. एकदा त्याने तिला विचारलंही, की एकट्या जिवाला चार दगड कशाला? तिने सांगितलं, घरातल्या सगळ्यांचे आहेत. त्याला ते पटलं. घरातल्या सगळ्यांचे नंबर लावणं ही त्या जंगलातली साधी गोष्ट होती.

कळलं ते एका कावळ्याला, कारण तो वरून बघत होता. एरवी त्याने अंडी खाल्लीच असती. पण आता तो सरकारी नोकर होता, आणि माहिती खाल्ली तर नोकरी जाते. त्याने फक्त नोंद दिली. टिटवी. टेकडी. माथा. चार.

अंडी घालून चोवीस दिवस झाले तेव्हा सिंहाने महाबुद्धीला विचारलं, यंदा नदीचं पाणी कुठवर येईल? राजाला रांग नसते. महाबुद्धीने पोटातली सगळी माहिती चाळली. ढग, वारे, मुंग्या, कशाचाच कशाला मेळ बसेना. एकच गोष्ट वर्षानुवर्षं जुळत होती. जंगलातला प्रत्येक म्हातारा प्राणी तेच सांगून गेला होता, की टिटवी जिथे अंडी घालते त्याच्या जरा खालपर्यंत पाणी येतं. फक्त गेल्या वर्षी ते जुळलं नव्हतं. गेलं वर्ष महाबुद्धीने अपवाद म्हणून वगळलं. टिटवीची ती चार अंडी अशी दुसऱ्यांदा गेली.

उत्तर आलं, पाणी टेकडीच्या माथ्यापर्यंत येईल.

मग काय विचारता. दवंडी पिटली गेली आणि जंगल टेकडीवर लोटलं. हरणं आली, गवे आले, रानडुकरं आली, माकडं लेकरांना पोटाशी धरून आली. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्याने, हत्ती आले. जमीन हादरायला लागली. टिटवीने समोर पाहिलं तर हत्तींचा अख्खा कळप सरळ तिच्याकडे येत होता. गेल्या वर्षी पाणी आलं होतं, तसाच. ती अंड्यांवरून उठली, पंख पसरले आणि हत्तींच्या वाटेत उभी राहून ओरडायला लागली. तिचा आवाज त्या गोंधळात तिलाच ऐकू येत नव्हता. नवरा पंख मोडल्याचं सोंग करून बाजूला फडफडत होता, पण त्याच्याकडे कुणी बघेना. पुढच्या हत्तिणीचा पाय उचललेला तिला दिसला. तिने डोळे मिटून घेतले.

पाय खाली आलाच नाही.

"सांभाळून रे," हत्तीण मागच्यांना म्हणाली. "इथे रांग आहे."

आणि जिवाच्या भीतीने पळत आलेला तो कळप एका ओळीत लागला. एकेक पाय जपून टाकत, दगड चुकवत, शेणकिड्याचा गोळासुद्धा चुकवत पलीकडे गेला. अंड्यांना धक्का लागला नाही. टिटवी परत अंड्यांवर बसली.

आता सगळं जंगल टेकडीवर बसलं आणि पुराची वाट बघू लागलं. पूर येईना. खाली नदी स्वच्छ दिसत होती. पाऊस बेताचा झाला होता, घोटाभर पाणी वाहत होतं आणि एक बगळा त्यात उभा होता. टेकडीवर मात्र प्यायला थेंब नव्हता. होतं तेवढं पाणी यंत्र थंड ठेवायला लागायचं. तिसऱ्या दिवशी हरणांच्या जिभा बाहेर आल्या. रानडुकरांच्या एका म्हातारीला उठवेना. तरी खाली जायचं नाव कुणी काढेना.

टिटवीला राहवलं नाही. तिने सगळ्यांना सांगितलं की बाबांनो, पूर येणार नाही. अंडी मी इथे घातली ती पाणी येणार म्हणून नाही, रांग सरकली नाही म्हणून. माझं ऐका आणि खाली जाऊन पाणी प्या.

लोकांनी कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने तिला समजावलं, अगदी मायेने. "ताई, तुमचं म्हणणं बरोबर असेलही. पण ते तुमचं म्हणणं झालं. महाबुद्धीने शंभर वर्षांची माहिती बघून सांगितलंय."

हरणांपैकी कुणीतरी खालच्या घोटाभर पाण्याकडे बोट दाखवलं, म्हणजे खूर दाखवला. कोल्हा म्हणाला, ते आत्ताचं पाणी आहे. यंत्र पुढचं सांगतं. खूर खाली गेला.

या सगळ्या भानगडीत एक बरं झालं. सिंह स्वतः टेकडीवर राहायला आल्यामुळे खिडकी वेळेवर उघडू लागली आणि रांग चालू झाली. सुगरणीच्या नराने आत जाऊन विचारलं, माझी कल्पना कशी आहे? उत्तम आहे, महाबुद्धी म्हणाली. तो त्या दिवसापासून हेच सगळ्यांना सांगत फिरतो आहे. बारावं घरटं त्याने सुरू केलं आहे.

अंडी घातल्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी टिटवीचा नंबर लागला. नवऱ्याला अंड्यांवर बसवून ती खिडकीशी गेली. तिला आता उत्तराची गरज नव्हती. पण एवढं थांबल्यावर विचारल्याशिवाय कोण जाईल?

"यंदा नदी कुठवर येईल?" तिने विचारलं.

"टेकडीच्या माथ्यापर्यंत," महाबुद्धी म्हणाली.

"कशावरून?"

"टिटवीने माथ्यावर अंडी घातली आहेत."

"टिटवी मीच."

महाबुद्धी जरा वेळ घुमली. मग म्हणाली, "मग आपल्याला माहीतच असेल."

टिटवी खिडकीशी तशीच उभी राहिली. आधी तिला राग आला. एवढी वर्षं सगळं जंगल आपल्या पायांकडे बघत होतं आणि एकानेही आपल्याला सांगितलं नाही. गेल्या वर्षी चार अंडी गेली तेव्हा विचारपूस करायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. मग तिला रडू आलं. आणि मग तिला मोकळं वाटलं. आपल्यापेक्षा जास्त कळणारं कुणीतरी आहे म्हणून ती टेकडी चढली होती. कुणीच नव्हतं. एक वर्ष चुकलो तर चुकलो, ती मनाशी म्हणाली, बाकीची सगळी आपलीच होती.

ती परत आली तेव्हा अंडी फुटत होती. चारही पिलं ओली, थरथरत बाहेर आली, वाळली आणि तासाभरात उभी राहिली. टिटवीची पिलं जन्मल्या दिवशीच चालतात, त्यांना कुणाची मंजुरी लागत नाही. त्यांना पाणी हवं होतं. टिटवीने कुणालाच काही सांगितलं नाही. ती उतरायला लागली. मागे चार कापसाचे गोळे, त्यांच्या मागे नवरा. उतार मोठा होता. पिलं पडत होती, उठत होती. ती दर चार पावलांवर थांबत होती. संध्याकाळच्या आत सगळी नदीवर पोचली आणि टिटवीने घोटाभर पाण्यात पाय ठेवला. तिला भीती वाटली नाही.

वरून कावळ्याने नोंद दिली. टिटवी. नदी. काठ. पाच मिनिटांत महाबुद्धीने जाहीर केलं, पूर ओसरला आहे.

जंगल नदीकडे धावलं. सगळे पोटभर पाणी प्यायले. रानडुकरांच्या म्हातारीला दोघांनी धरून आणलं. शेणकिडा आपला गोळा ढकलत सगळ्यांत शेवटी पोचला. त्याने विचारलं, ओसरला हे बरं झालं, पण आला कधी होता? त्याचा आवाज बारीक होता आणि सगळे पाणी पीत होते.

सिंहाने मोठा समारंभ केला. एवढा महापूर, आणि जीवितहानी शून्य. याहून मोठं दुसरं यंत्र बसवायचं ठरलं आणि पसापसाभर पुन्हा गोळा झालं. यशस्वी संशोधक म्हणून टिटवीला सत्काराला बोलावलं होतं. ती आली नाही. पिलांना चिखलातले किडे कसे काढायचे ते ती शिकवत होती.

पण राज्यकारभार असा एखाद्या पक्ष्याच्या लहरीवर सोडता येत नाही. म्हणून हुकूम निघाला, की यापुढे टिटवीने दरवर्षी टेकडीच्या माथ्यावर, आखून दिलेल्या चौकोनात, कार्यालयीन वेळेतच अंडी घालावीत. पुढच्या वर्षी चौकोन आखला, वर मांडव घातला, पण टिटवी फिरकलीच नाही. मग कार्यालयाने कुंभारमाशीकडून मातीची चार अंडी करून घेतली आणि चौकोनात ठेवली. कावळ्याने नोंद दिली. महाबुद्धीने अंदाज दिला.

तेव्हापासून दरवर्षी ठरल्या दिवशी सगळं जंगल टेकडीवर जाऊन तहानेलं बसतं. खाली नदीकाठी टिटवी एकटी हिंडते. पायाने वाळू दाबून बघते, मान वाकडी करते, चार पावलं मागे येते आणि जागा ठरवते. आता ते बघायला कुणी नसतं.

तात्पर्य : मुलांनो, जाणत्याला कधीही काही विचारू नये. तो कुठे अंडी घालतो यावर नजर ठेवायला सगळ्यांच्या खर्चाने एक मोठं यंत्र बसवावं, आणि त्याच्या रांगेत त्या जाणत्याला उभं करावं.